प्रथमोपचाराची पेटी आणि तिची किल्ली

नारायण मेघाजी लोखंडे हे जन्माने ठाण्याचे. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या सरकारपुढे मांडल्या. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे. आणखी एक होती: कामावर जबर इजा झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. पण हा सगळा विचार अपघातानंतरच्या पैशाचा होता. रक्त वाहत असताना काय करायचं, ते २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ४५ मध्ये होतं.

दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी आणि ५०० च्या वर कामगार असतील तर अँब्युलन्स रूम, हे त्या कलमातले आकडे बहुतेकांना पाठ असतात. मला त्याच कलमातल्या दुसऱ्या दोन अटी जास्त मोलाच्या वाटतात. पेटी कामाच्या सगळ्या वेळात हाताशी हवी आणि ती सांभाळणारा, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला माणूस कामाच्या वेळेत कायम जवळ हवा.

रबाळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी कामाला होतो. पेटी स्टोअरमध्ये कुलपात, किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात आणि तो जनरल शिफ्टचा. रात्री अडीचला पॉवर प्रेसमध्ये एकाची दोन बोटं चिरडली. आम्ही हाताला लागलं ते तेलकट कॉटन वेस्ट गुंडाळलं आणि त्याला रिक्षात घातलं. कलम ४५ मधला एकेक शब्द त्या रात्री मोडला होता.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट उभी राहिली. मग ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आले. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर पहिलं औषध पाणी, तेही लगेच आणि निदान पंधरा-वीस मिनिटं. नळ शंभर पावलांवर असून चालत नाही. १९८४ च्या भोपाळनंतर, कारखाने अधिनियमाच्या १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी आणीबाणीचा आराखडा आणि कामगारांची वैद्यकीय देखरेख सक्तीची झाली. दुकानं आणि ऑफिसांसाठीच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यातही प्रथमोपचाराची सोय आहे.

आमच्या वर्कशॉपमध्ये त्या रात्रीनंतर पेटी प्रेसशेजारच्या खांबावर आली, कुलपाशिवाय. प्रमाणपत्रवाला मात्र मी तिथे असेपर्यंत दिवसपाळीलाच होता.