खेळते भांडवल

धंदा रोज चालता ठेवण्यासाठी कच्चा माल, अर्धवट काम झालेला माल, तयार माल आणि गिऱ्हाइकांकडची उधारी यांत अडकून राहणारा पैसा म्हणजे खेळते भांडवल. हिशेबात ते चालू मालमत्तेतून (वर्षभरात रोखीत येणारा माल, येणी, रोकड) चालू देणी (वर्षभरात चुकवायची) वजा करून काढतात. ताळेबंदातला आकडा मात्र ३१ मार्च या एका दिवसाचा असतो आणि त्या आठवड्यात जोरात वसुली केली की तो गोंडस दिसतो. म्हणून जाणकार गरज मोजतात ती दिवसांत.

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत सुटे भाग बनवणारा एखादा छोटा कारखाना घ्या. पोलाद २० दिवस पडून राहते, यंत्रावर १० दिवस जातात, तयार माल ५ दिवस थांबतो आणि बिलाचे पैसे ६० दिवसांनी येतात. चक्र झाले ९५ दिवसांचे. पोलादवाल्याची ३० दिवसांची उधारी वजा जाता ६५ दिवस स्वतःला निभवायचे. रोजचा रोख खर्च २०,००० रुपये असेल तर १३ लाख लागतील. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, पेमेंट ९० दिवसांवर नेले की हीच गरज १९ लाखांवर जाते. विक्री तेवढीच, नफाही तेवढाच, तरी पगाराच्या तारखेला खाते रिकामे. शिवाय जीएसटी साधारणपणे पुढच्याच महिन्यात भरायचा, मग बिल वसूल झालेले असो वा नसो. जॉबवर्कमध्ये, म्हणजे पार्टीच्या मालावर फक्त काम करून देण्यात, माल पार्टीचाच असल्याने मजुरी, वीज आणि टूलिंगपुरतीच (कटिंगची हत्यारे वगैरे) तजवीज लागते.

बँका छोट्या उद्योगांसाठी बहुधा रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचे सूत्र वापरतात: अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के ही गरज, त्यातले विक्रीच्या २० टक्के बँकेचे, ५ टक्के मालकाचे. ८० लाखांच्या विक्रीवर कॅश क्रेडिटचे, म्हणजे सीसीचे (लागेल तसे उचलून परत भरायचे कर्जखाते), लिमिट १६ लाख होते. पण उचलता येते ते ड्रॉइंग पॉवरपुरतेच, म्हणजे हातातला स्टॉक आणि येणी यांवर बँक जेवढे देते तेवढेच. समजा स्टॉक १० लाख, त्यातले ४ लाख अजून पैसे न चुकवलेल्या मालाचे. उरलेल्या ६ लाखांवर २५ टक्के मार्जिन (मालकाने स्वतः घालायचा वाटा) कापून ४.५ लाख. येणी १२ लाख, पैकी ९० दिवसांपुढची २ लाख बाद. १० लाखांवर ४० टक्के मार्जिन धरले तर ६ लाख. एकूण १०.५ लाख. म्हणजे जुनी उधारी दोनदा नडते: पैसा येत नाही आणि त्यावर कर्जही मिळत नाही. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे बँकेला द्यायचे माल-येण्यांचे विवरण, उशिरा गेले तर बँक दंडात्मक शुल्क लावू शकते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सीसीतून व्हीएमसी मशीन (संगणकावर चालणारे धातू कापायचे यंत्र) घेणे. मशीनचा पैसा पाच-सात वर्षांत सुटतो, सीसी मात्र रोज फिरते राहावे लागते. मग खाते लिमिटला टेकून बसते आणि पोलाद घ्यायला पैसा उरत नाही. मशीनसाठी मुदत कर्जच, म्हणजे ठरावीक वर्षांत हप्त्यांनी फेडायचे कर्ज, घ्यावे.

उधारीला कायद्याचा लगाम आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. प्रत्यक्षात पुढची ऑर्डर जाईल या धास्तीने ते व्याज फारसे कोणी मागत नाही.

हंगामी धंद्यात गणित निराळे. लासलगावचा कांदा व्यापारी शेतकऱ्याला लगेच पैसे देतो, परगावच्या खरेदीदाराकडून ते नंतर येतात. कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याचे वजनही महिन्यागणिक घटते. वायनरीला तर द्राक्षांचा मोठा खर्च हंगामाच्या दोन-तीन महिन्यांतच करावा लागतो आणि पिंपात मुरवलेली रेड वाईन वर्षाहून अधिक काळ विक्रीला येत नाही. नायक सूत्र तीन महिन्यांचे चक्र गृहीत धरते. त्यामुळे अशा ठिकाणी लिमिट महिनावार रोख अंदाजपत्रकावरूनच मागावे लागते.