संगणक-साहाय्यित इंग्रजी अध्ययन

संगणक, मोबाइल आणि महाजालावरील साधने वापरून इंग्रजी शिकण्याची पद्धत. तिची मुळे इंग्रजीपुरती नाहीत. १९६० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने ‘प्लेटो’ ही शिक्षणप्रणाली सुरू झाली. पुढे तिच्यावर रशियनसह अनेक भाषांचे धडे आले. गाळलेली जागा भरा, चुकले तर पुन्हा भरा, असा मामला. पाढे घोकून घेणाऱ्या मास्तरांचीच ही रीत, पण यंत्र कंटाळत नसे आणि चूक कळायला वही तपासून येण्याची वाट पाहावी लागत नसे. २०१२ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘ड्युओलिंगो’सारख्या ॲपमध्येही गुण आणि सलग दिवसांची मोजणी बाजूला काढली, तर बराचसा हाच सराव उरतो.

खरे वळण इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात आले. तेथे जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली ‘कोबिल्ड’ प्रकल्पाने प्रत्यक्ष वापरातील इंग्रजी मजकुराचा संग्रह, म्हणजे कॉर्पस, संगणकावर साठवला आणि त्यावरून १९८७ मध्ये शब्दकोश काढला. त्याच विद्यापीठातील टिम जॉन्स यांनी असा पुरावा थेट विद्यार्थ्यांपुढे ठेवला. एखादा शब्द शोधला की तो आलेली वाक्ये एकाखाली एक दिसतात आणि नियम विद्यार्थ्यानेच हुडकायचा. मराठीत चर्चा कशा‘बद्दल’ तरी होते, म्हणून आपल्याकडे ‘डिस्कस अबाऊट’ सर्रास लिहितात. कॉर्पसमध्ये ‘डिस्कस’पुढे बहुधा थेट विषयच येतो, ‘अबाऊट’ सापडते ते ‘डिस्कशन’ या नामापुढे. लाल शाईच्या दहा फुल्यांपेक्षा अशी वीस वाक्ये जास्त पटतात. १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत. एवढा ऐवज आज घरबसल्या चाळता येत असूनही शाळांत त्याचा वापर फारसा होत नाही, हे नवलच.

उच्चारांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याचा लाभ अधिक उघड आहे. मराठीत आघाताने, म्हणजे शब्दाच्या एखाद्या भागावर जोर दिल्याने, शब्दाचा अर्थ बदलत नाही आणि देवनागरीत लिहिलेला इंग्रजी उच्चार आघात दाखवत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर), तर ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर असतो, आणि त्याबरोबर स्वरही बदलतात. पुस्तकातल्या देवनागरी उच्चारावरून हे कळणे अशक्यच होते. ध्वनिमुद्रित उच्चार देणाऱ्या ऑनलाइन कोशांनी ही अडचण बरीच दूर केली.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. पुढे पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले आणि ‘दीक्षा’ या शासकीय मंचावरचे धडे फोनवर उघडता येऊ लागले. अर्थात फोन वडिलांच्या खिशात असेल, तर धडा ते घरी परतल्यावरच.

यंत्रानुवादात २०१६ पासून न्यूरल पद्धत, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून यंत्राने स्वतःच भाषांतर शिकण्याची रीत, रुळली. नोव्हेंबर २०२२ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला मजकूर लिहून उत्तर देणारे ‘चॅटजीपीटी’ आले. आता निर्दोष इंग्रजी परिच्छेद विद्यार्थ्याला स्वतः न लिहिताही मिळतो, त्यामुळे घरी लिहून आणलेल्या निबंधावरून त्याचे इंग्रजी जोखणे अवघड झाले आहे. ‘हे वाक्य का चुकले?’ असे मराठीत विचारले तर मराठीतच खुलासाही मिळतो, पण चुकीचा नियमही ही साधने तितक्याच ठामपणे सांगतात. अशा वेळी तो नियम कॉर्पसमधल्या वाक्यांशी ताडून पाहता येतो.