संपत्ती, ऐतिहासिक : तुलनेचा प्रश्न

संपत्ती, ऐतिहासिक : वेगवेगळ्या काळांतील व प्रदेशांतील धनिकांची संपत्ती एका मापात आणून त्यांचा क्रम लावण्याचा प्रयत्न आणि त्यात येणाऱ्या अडचणी. हा विषय अर्थेतिहास व नाणकशास्त्र (नाण्यांचा अभ्यास) या दोहोंच्या सीमेवरचा आहे. कोकणपट्टीत माडांची संख्या, भाताची खंडी (धान्याचे २० मणांचे माप), गलबते, चांदीची लारी आणि सोन्याचा होन ही संपत्तीची मापे निरनिराळ्या काळी, आणि पुष्कळदा एकाच काळी, चालू होती. म्हणून या नोंदीत कोकणातील उदाहरणे मुख्य धरली आहेत.

उषवदाताचे दान : पश्चिम किनाऱ्यावरील आकड्यांनिशी नोंदलेल्या जुन्या संपत्तीचे सर्वांत बोलके उदाहरण क्षहरात घराण्यातील क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याच्या नाशिक येथील लेखांत सापडते. डहाणुका, दमण इत्यादी नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या होत्या. नानंगोल गावातील नारळाची ३२,००० ‘मूले’ त्याने चरकांच्या (फिरत्या संन्याशांच्या) संघांना दिली. या संघांपैकी एक शूर्पारक म्हणजे सोपारा येथील होता. नानंगोल म्हणजे किनाऱ्यावरील नारगोळ असावे, हे भगवानलाल इंद्रजी यांचे मत सामान्यतः ग्राह्य धरले जाते. ‘मूल’ शब्दाने येथे माडाची झाडे मोजली आहेत, हा अर्थ कोकणी वहिवाटीशी जुळतो. आजही बागेची विचारपूस करताना ‘माड किती?’ असे विचारतात, क्षेत्रफळ मागाहून येते.

नाशिकच्या लेणे क्र. १० मधील लेखाच्या शेवटी देव व ब्राह्मण यांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा (चांदीच्या नाण्यांचा) उल्लेख असून ३५ कार्षापणांस एक सुवर्ण (सोन्याचे नाणे) या दराने त्याचे २,००० सुवर्ण होतात, असा हिशेबही तेथेच कोरलेला आहे. दानाची रक्कम दात्यानेच चांदी आणि सोने या दोन्ही धातूंत सांगितल्यामुळे हा लेख आजच्या किमतीत रूपांतर करण्यास आदर्श वाटतो. परंतु नेमकी येथेच अडचण उभी राहते. नहपानाची चांदीची नाणी सरासरी सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे ७०,००० नाण्यांची चांदी दीडशे किलोग्रॅमहून थोडी अधिक होते. सुवर्ण हे नाणे सुमारे आठ ग्रॅमचे मानल्यास त्याच दानाचे सोने १६ किलोग्रॅम होते. सोने व चांदी यांचे मूल्यप्रमाण त्या काळी साधारण एकास दहा पडत होते. ते आज एकास ऐंशी धरले, तर सोन्यावरून काढलेली किंमत चांदीवरून काढलेल्या किमतीच्या सुमारे आठपट येते. दाता एक, दान एक, आणि उत्तरे दोन. दोन्हींचा हिशेब बरोबर.

सुवर्ण हे नाणे कोणते, यावर एकमत नाही. काही अभ्यासक ते कुषाणांचे सोन्याचे नाणे मानतात, तर काहींच्या मते व्यापारातून आलेले रोमन सोने येथे अभिप्रेत आहे. कुषाण नाणे मानल्यास नहपानाचा काळ अलीकडे ओढावा लागतो. त्याच्या लेखांतील ४१, ४२ व ४५ ही वर्षे शक संवताची धरली तर ती इ. स. ११९ ते १२३ च्या सुमारास येतात. ती त्याची राज्यवर्षे असल्यास काळ इ. स. च्या पहिल्या शतकात जातो, आणि अलीकडील नाणकशास्त्रीय विवेचनाचा कल या दुसऱ्या मताकडे अधिक दिसतो. ते मत स्वीकारले, तर कुषाण नाण्याचा पक्ष दुबळा होतो. सुवर्णाचे वजन, आणि त्याबरोबर संपत्तीचा आकडाही, अशा रीतीने कालनिर्णयावर अवलंबून राहतो.

धातू बाजूला ठेवून खरेदीशक्तीचा मार्गही याच लेणीत उपलब्ध आहे. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि त्या व्याजातून वर्षावासातील (पावसाळ्यात एका ठिकाणी राहणाऱ्या) २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी (वस्त्रासाठी) देण्याची व्यवस्था केली. वर्षाचे व्याज २४० होते, आणि २० भिक्षूंचे बारा-बारा मिळूनही तेवढेच. या मापाने ७०,००० कार्षापण म्हणजे सुमारे ५,८०० भिक्षूंचे एका वर्षाचे वस्त्र. प्रस्तुत नोंदकर्त्यास हे माप दोन्ही धातूंच्या मापांपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते, कारण त्यातील भाव व गरज दोन्ही त्याच काळाची आहेत.

लारी व होन : सतराव्या शतकात दाभोळ व चौल या बंदरांतील व्यवहारांत लारी हे नाणे विशेष चालत असे. त्याचे नाव इराणमधील लार शहरावरून आले. सुमारे पावणेपाच ग्रॅम चांदीची तार मधोमध दुमडून केसांच्या आकड्यासारखी केलेली आणि वर ठसा मारलेला, असे त्याचे रूप असे. तार अरुंद आणि ठसा रुंद असल्याने लेखाचा तुकडाच उमटे. दुसऱ्या अली आदिलशाहाच्या नावाच्या लाऱ्या उपलब्ध आहेत. चांदीची शुद्धता पाहण्यासाठी छेद दिलेल्या लाऱ्याही आढळतात. होन सोन्याचा आणि लारी चांदीची असल्याने एखाद्या व्यापाऱ्याच्या ठेवीचा आकडा कोणत्या नाण्यात सांगितला आहे, हे कळल्यावाचून तो निरर्थक ठरतो.

खाजगी व राज्याची संपत्ती : कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांचे आरमार, किल्ले व दस्तकांचे (जहाजांना दिलेल्या परवान्यांचे) उत्पन्न त्यांची व्यक्तिगत मालमत्ता धरावी की सत्तेची साधने, याचा निर्णय अवघड आहे. मूळ श्रीवर्धनच्या भट घराण्यातील पहिले बाजीराव पेशवे मोठ्या फौजा चालवीत असूनही ब्रह्मेंद्रस्वामींसारख्या सावकारांचे ऋणको होते. पश्चिम आफ्रिकेतील माली राज्याचा राजा मानसा मूसा याच्याबाबतीतही हीच अडचण येते. त्याच्या १३२४ मधील हजयात्रेनंतर कैरोत सोन्याचा भाव उतरल्याचे अरब लेखक अल्-उमरी याने लिहिले आहे. त्यावरून राज्याची सुबत्ता कळते, राजाची शिल्लक नव्हे. त्याच्या नावावर फिरणाऱ्या डॉलरमधील रकमांना म्हणूनच आधार नाही.

श्रमावरील हुकमत : अर्थशास्त्रज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी धनिकाच्या वार्षिक उत्पन्नातून त्याच्या देशातील सरासरी उत्पन्नाची किती माणसे राबवता आली असती, हे माप वापरले. त्यानुसार रोमचा क्रॅसस सुमारे ३२,००० आणि अमेरिकेचा जॉन रॉकफेलर (१९३७) सुमारे १,१६,००० माणसांचा धनी ठरतो. क्रॅससचे स्वतःचे माप याच जातीचे होते : वार्षिक उत्पन्नातून ज्याला सैन्याची एक तुकडी पोसता येत नाही तो श्रीमंत नव्हे, असे तो म्हणत असल्याचे रोमन लेखक प्लिनीने नमूद केले आहे. मात्र पैशाने जे त्या काळी मिळतच नव्हते, ते या मापातही येत नाही. लंडनचा सावकार नेथन रोथ्सचाइल्ड १८३६ मध्ये गळवाच्या संसर्गाने वारला; आज त्यावरचे औषध कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते.

कोकणातील खोताची (गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची) श्रीमंती खंडीत सांगत. खंडी म्हणजे २० मण, पण मण किती पायल्यांचा (पायली हे धान्य मोजण्याचे भांडे) हे स्थानपरत्वे बदले, आणि पायली सपाट भरायची की शीग लावून, यावर कुळाच्या घरात उरणारे भात ठरत असे. उभ्या पिकाची अभावणी (उत्पन्नाचा अंदाज) करून खोत आपला हिस्सा आकारी. भातजमिनीवर अर्धेल (पिकाचा अर्धा भाग), वरकस (हलक्या) जमिनीवर तिर्धेल (तिसरा भाग) अशी वहिवाट होती. शिवाय कुळांकडून वेठ (बिनमोबदला श्रम) घेतली जाई, जी कोणत्याही जमाखर्चात रकमेच्या रूपाने दिसत नाही. ही संपत्ती मुळात श्रमावर उभी होती, हे १९३३ मध्ये अलिबागजवळ चरी येथे स्पष्ट झाले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसणे बंद केले व हा संप १९३९ पर्यंत टिकला. कागदोपत्री जमीन तेवढीच राहिली. खंडीचा आकडा मात्र पेरणी न झालेल्या शेतांवरून काढता येईना. खोती पद्धत पुढे १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. कुळे, कोळी व मिठागरांवरील मजूर यांच्या मालमत्तेची नोंद जुन्या दप्तरांत सहसा येते ती देण्याच्या किंवा थकबाकीच्या रकान्यात.