ओल्या खडकाचा काळा रंग

वळीव पडून गेला की पंचगंगेच्या घाटावर जाऊन बघा. दुपारपर्यंत राखाडी, धुळकट दिसणाऱ्या पायऱ्या काळ्याभोर झालेल्या असतात. पाण्याला तर रंग नाही, मग हा काळेपणा आला कुठून? ऊन पडलं की तासाभरात दगड परत राखाडी.

समुद्रकाठचा खडक रंगवणाऱ्या चित्रकाराची खरी गाठ याच काळेपणाशी पडते. फ्रान्सचा क्लोद मोने १८८६च्या सप्टेंबरात बेल-इल बेटावर पंधरा दिवसांसाठी म्हणून गेला आणि नोव्हेंबर संपत आला तरी तिथेच होता. वाऱ्यापावसात उभं राहून त्याने चाळिसेक तैलचित्रं केली. बेटाच्या किनाऱ्यावरच्या पोर-कोतोनच्या सुळक्यांची चित्रं त्यांतलीच. लाटांनी भिजलेल्या त्या खडकांत त्याने जांभळा, निळा, हिरवा भरला, आणि तरी ते डोळ्यांना गडद, ओलेच वाटतात.

यात चित्रकाराच्या नजरेइतकाच तेलाचाही हात आहे. कोरड्या दगडाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. हवेचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप) १, दगडातल्या खनिजांचा साधारण १.६. एवढा फरक असला की प्रकाश प्रत्येक कंगोऱ्यावर उधळतो, बराचसा परत फिरतो आणि दगड फिकट दिसतो. फटींत पाणी शिरलं की हवेच्या जागी १.३३ येतं. फरक कमी झाला, म्हणून प्रकाश दगडात खोल जातो. परत निघालेल्या प्रकाशातलाही काही भाग पाण्याच्या थराखालून पुन्हा दगडाकडेच वळतो आणि तिथे शोषला जातो. डोळ्यांपर्यंत कमी पोचतो, म्हणून काळा.

जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक १.४८, म्हणजे पाण्याहूनही खनिजांच्या जवळ. तैलरंग म्हणजे याच तेलात घोटलेली रंगाची पूड. तिचा प्रत्येक कण भिजलेल्या दगडासारखा गडद दिसतो. रंकाळ्यावर जलरंगात काम करणाऱ्या मुलांना विचारा: ओला असताना भरलेला दिसणारा रंग वाळला की फिका पडतो, कारण पाणी उडून जातं. जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफतात आणि तेलाची घट्ट कातडी बनते. वाळू लागलेल्या तेलाचं वजन सुरुवातीला चक्क वाढतं! (या क्रियेत उष्णता निघते. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात.) थोडक्यात, चित्रातला दगड जन्मभर भिजलेलाच राहतो.

लाटेच्या फेसाचं गणित याच्या उलट. पाणी आणि त्यातले हवेचे बुडबुडे यांच्यातल्या फरकामुळे प्रकाश उधळतो आणि फेस पांढरा दिसतो. तैलचित्रात तो पांढरा आणायला खडूची पूड चालत नाही. तिचा अपवर्तनांक तेलाच्या फार जवळचा, त्यामुळे ती तेलात मळकट, अर्धपारदर्शक होते. जुने चित्रकार शिशाचा पांढरा वापरत. त्याचा अपवर्तनांक २च्या आसपास, म्हणून तेलात बुडूनही तो पांढराच राहतो. विषारी असल्यामुळे आज त्याच्या जागी बहुधा टायटॅनियमचा पांढरा असतो.

तेल सावकाश वाळतं, आणि किनाऱ्यावर वारा थांबत नाही. मोनेने १८७० साली त्रूव्हिलच्या पुळणीवर केलेलं एक छोटं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या रंगात वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे रुतलेले सापडले आहेत, त्या दिवशी वाऱ्याने आणून टाकलेले.