बंद घराची सुरक्षा : दार, अलार्म आणि शेजार

आदरणीय ग्राहक,

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की अलार्मसाठी आमच्याकडे चौकशी वाढते. यंत्र घेण्यापूर्वी त्याच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी, हे आपल्याला ठाऊक असावे, यासाठी हे माहितीपत्रक देत आहोत.

घरफोडी करणारा बहुधा बंद घर हेरतो, आणि दाराबाहेर लटकणारे कुलूप ही खबर जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला देत असते. कुलूप कितीही भारी असले तरी अनेकदा त्याला हातही लावला जात नाही. ज्या कोयंड्यात ते अडकवलेले असते, तो दोन-चार आखूड स्क्रूंवर बसवलेला असल्याने कटावणी घालून तोच उचकटला जातो. म्हणून मुख्य दाराला आतल्या बाजूने बसणारे, बाहेरून केवळ किल्लीचे छिद्र दिसणारे कुलूप बसवावे, त्याचे दांडे चौकटीत खोलवर जातात ना हे सुताराकडून तपासून घ्यावे आणि लाकडी दारापुढे लोखंडी सेफ्टी डोअर असावे, असा आमचा आग्रह आहे. दार कमकुवत असेल आणि बजेट मर्यादित असेल, तर आधी दार पक्के करावे व अलार्म नंतर घ्यावा, हेच आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

खिडक्यांच्या बाबतीत सरकत्या काचा रुळातून वर उचलून काढता येतात का, ग्रिलचे स्क्रू बाहेरून फिरवता येतात का, आणि बाथरूमच्या खिडकीतील काचेच्या पट्ट्या बाहेरून ओढून निघतात का, हे एकदा स्वतः बाहेर उभे राहून पाहावे. ग्रिल बंदिस्त असल्यास आगीच्या प्रसंगी बाहेर पडण्यासाठी आतून उघडणारी एक झडप अवश्य ठेवावी. बंगला किंवा वरचा मजला असल्यास गच्चीचे दार विसरू नये.

अलार्मचे काम मुळात सोपे आहे. दाराच्या फळीवर एक लोहचुंबक आणि चौकटीवर त्याच्या समोर एक छोटा स्विच बसवतात. दार उघडताच चुंबक दूर जातो, जोडणी बदलते आणि भोंगा वाजतो. हा सेन्सर केवळ आतल्या दारावर बसवल्यास भोंगा वाजेपर्यंत माणूस उंबरठ्यावर आलेला असतो. तोच सेफ्टी डोअरवर बसवला, तर आतले दार शाबूत असतानाच आवाज सुरू होतो, आणि ही काही मिनिटे फार मोलाची असतात. खोलीसाठी असलेला दुसरा सेन्सर माणसाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेची हालचाल ओळखतो. तो साधारण सात ते आठ फूट उंचीवर, कोपऱ्यात, थेट ऊन येणाऱ्या खिडकीकडे तोंड न करता बसवावा लागतो. त्याच्या भिंगावरून पाल चालली तरी भोंगा वाजू शकतो, म्हणून ते अधूनमधून पुसून भोवतीची जाळी-जळमटे काढत जावीत. विनाकारण दोन-चार वेळा आवाज झाला की शेजारी लक्ष देणे सोडतात, आणि मग उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते.

कारण भोंगा चोराला पकडत नाही. तो ऐकून कोणी तरी दार उघडून पाहिले, ओरडले, फोन केला, तरच त्याचा उपयोग. शेजारच्या फ्लॅटना बाहेरून कड्या लावून मग बंद घर फोडल्याचे प्रकार आपल्याकडील सोसायट्यांमध्ये घडले आहेत. त्यामुळे दाराच्या बाहेरील कडी काढून टाकावी आणि हे संपूर्ण मजल्याने मिळून करावे. भोंगा वाजताच यंत्राने कोणाला फोन लावायचा, यासाठी अलार्म बसवताना आम्ही फोन क्रमांक मागतो, तेव्हा पहिला क्रमांक परगावच्या मुलाचा न देता त्याच इमारतीतील विश्वासू व्यक्तीचा द्यावा, आणि भोंगा ऐकू आल्यास एकट्याने पुढे न जाता आधी ११२ वर कळवावे, असे त्यांना सांगून ठेवावे.

कॅमेरा हा अलार्मला पर्याय नाही. चित्रण तपासाला उपयोगी पडते, परंतु त्या क्षणी कोणाला जागे करत नाही. कॅमेरा घेतल्यास कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

गावी जाताना दूध आणि वर्तमानपत्र बंद करावे, किल्ली पायपुसण्याखाली, चपलांच्या कपाटात किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नये, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि प्रवासाची छायाचित्रे परतल्यावरच इतरांना दाखवावीत. जवळच्या पोलीस ठाण्याला घर बंद राहणार असल्याचे कळवण्यात संकोच करू नये. परतल्यावर दार फोडलेले दिसले, तर आत जाऊ नये, कशालाही हात लावू नये. बोटांचे ठसे तपासासाठी महत्त्वाचे असतात, आणि आत कोणी असण्याचीही शक्यता असते.

वीज गेल्यावर अलार्म बॅटरीवर चालतो, मात्र ही बॅटरी साधारणपणे तीन ते पाच वर्षांत क्षीण होते. फोन लावणाऱ्या यंत्रातील सिमकार्डाची मुदत संपली, तर भोंगा वाजेल पण आपल्याला फोन येणार नाही. यासाठी महिन्यातून एकदा शेजाऱ्यांना पूर्वकल्पना देऊन यंत्र वाजवून पाहावे, त्याच वेळी मेन स्विच बंद करून बॅटरीची चाचणी घ्यावी, आणि काही शंका आल्यास प्रवासाची तारीख जवळ येण्यापूर्वीच आमच्या कारागिराला बोलवावे.