काटा बदलला की आकडा बदलतो

पिंपळगावचे आमचे मामा द्राक्षाची गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर पाहतात. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचा, ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप, १८. व्यापाऱ्याच्या यंत्रावर तोच घड १७ दाखवतो, तेव्हा माल आंबट झाला असं मामा म्हणत नाहीत. यंत्र वेगळं आहे म्हणतात. स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मात्र हा हिशेब ते विसरले.

मामांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात. २००१ साली इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली आणि या आजाराचं रूपच पालटलं. मामा रोज गोळी घेतात, बाग सांभाळतात आणि दर तीन महिन्यांनी पीसीआर तपासणी करतात. ती या जनुकाच्या आरएनए प्रती मोजते आणि एखाद्या नेहमीच्या जनुकाच्या प्रतींशी त्यांचं प्रमाण काढते. ०.१ टक्का किंवा त्याहून कमी आलं की डॉक्टर समाधानी असतात.

मामांचा आकडा ०.०४ च्या आसपास असायचा. एकदा नाशिकला कामासाठी आले आणि कॉलेज रोडवरच्या, वाटेत पडणाऱ्या दुसऱ्याच कलेक्शन सेंटरवर रक्त देऊन गेले. रिपोर्ट आला ०.११. मामी रात्रभर झोपल्या नाहीत. डॉक्टरांनी गोळी न बदलता जुन्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासायला सांगितलं. आकडा आला ०.०५.

आरएनए काढण्याची पद्धत, रसायनं, तुलनेसाठी निवडलेलं जनुक, सगळं प्रयोगशाळेगणिक बदलतं. म्हणून ‘इंटरनॅशनल स्केल’ (आयएस) हे सामाईक माप आलं. इमॅटिनिबच्या ‘आयरिस’ या औषध-चाचणीत उपचार सुरू न झालेल्या ३० रुग्णांची सरासरी पातळी १०० टक्के धरली, ०.१ म्हणजे तिथून हजारपट खाली. प्रत्येक प्रयोगशाळा आपला आकडा स्वतःच्या गुणकाने गुणून या मापावर आणते. तरीही दोन चांगल्या प्रयोगशाळांत एकाच नमुन्याचे आकडे दुप्पट-निमपट येऊ शकतात. आणि रिपोर्टवर ‘आयएस’ लिहिलेलंच नसेल, तर तो जुन्या रिपोर्टशेजारी ठेवून पाहण्यात अर्थ नाही.

नाशिककरांसाठी आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जांभळ्या बुचाची नळी भरली जाते इथे, पण अशी तपासणी बरेचदा मुंबई-पुण्याला होते. आरएनए नाजूक असतो, नळी रेंगाळली की तुटू लागतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी रक्त देऊ नये. नळी नेमकी कुठे जाणार, कधी निघणार, हे काउंटरवर बेधडक विचारावं. पाटीवरचं नाव आणि तपासणारी प्रयोगशाळा एकच असेल असं नाही. रिपोर्टमध्ये तुलनेसाठी वापरलेल्या एबीएल जनुकाच्या प्रतींची संख्याही पाहावी. ती १०,००० च्या खाली असेल तर ‘आढळले नाही’ या शब्दांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. नमुनाच अपुरा असतो.

याचा अर्थ वाढलेला आकडा झटकून टाकायचा असा मुळीच नाही. त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तो पुन्हा वाढलेला दिसला, तर डॉक्टर आधी विचारतात, गोळ्या चुकल्या का? नसतील चुकल्या, तर जनुकात नवा बदल झालाय का याची वेगळी तपासणी होते. हंगामात, छाटणीच्या धांदलीत गोळी राहून जाते हे मामांनीच मला सांगितलं. आता गोळ्यांची पट्टी त्यांच्या डब्याच्या पिशवीत असते, आणि फाइलच्या पहिल्या पानावर मामींनी मोठ्या अक्षरांत प्रयोगशाळेचं नाव लिहिलंय.