शाळेत वंशसंहार शिकवायचा, तर मराठवाड्याला काय काय आठवावं लागेल

मराठवाड्यातल्या शाळांत हिटलर धड्याच्या आधी टोपणनावातून येतो. कडक शिस्तीचे सर 'हिटलर' असतात, आणि हे नाव घेताना पोरांच्या आवाजात भीतीपेक्षा कौतुकच जास्त असतं. बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याचं आत्मचरित्र स्पर्धा परीक्षांच्या गाइडांशेजारी, यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या रांगेत मांडलेलं दिसतं. ज्यू माणूस मात्र लातूर-परभणीकडच्या मुलांनी सहसा पाहिलेला नसतो. तो भेटतो व्हॉट्सअॅपवर. एका मेसेजमध्ये ज्यू बायका गरोदरपणी गणितं सोडवतात म्हणून त्यांची पोरं हुशार निपजतात, तर दुसऱ्यात सगळ्या जगाचा पैसा मूठभर ज्यूंच्या मुठीत असतो. पहिला मेसेज कौतुकाचा वाटतो, पण लाखो माणसांना एकाच साच्यात ओतायची खोड दोन्हींत सारखीच आहे.

दुसऱ्या मेसेजचं मूळ जुनं आहे. ज्यूंच्या जागतिक कटाचे म्हणून सांगितलेले बनावट कागद १९०३ मध्ये रशियात छापून आले. ते दुसऱ्याच एका पुस्तकातून उचललेले आहेत, हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्ये पुराव्यानिशी दाखवून दिलं. नाझींनी तरीही ते खरे म्हणूनच पसरवले. आज शंभर वर्षांनंतर तेच नव्या वेष्टनात आपल्या मुलांच्या फोनवर येतं.

महाराष्ट्राला ज्यू परके नव्हते. कोकणातले बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले. ते मराठी बोलत आले, बायबलातल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं केली. पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले. त्यांच्याविरुद्ध इथे कधी द्वेषाची मोहीम झाली नाही, आणि याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण त्यामुळेच, ज्यूद्वेष म्हणजे काय हे सांगताना गुरुजींच्या हाताशी जवळचं उदाहरण नसतं. धडा लांबच्या देशातल्या एका दुष्ट माणसाची गोष्ट होऊन बसतो.

मुळात या विषयात शाळा नुसती साक्षीदार नव्हती. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर सत्तेवर आला आणि एप्रिलमध्येच ज्यू शिक्षकांना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा झाला. त्याच महिन्यात शाळा-महाविद्यालयांतल्या ज्यू मुलांच्या संख्येवर मर्यादा आली. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांना सरकारी शाळांतून पार बाहेर काढलं. वर्गात उरलेल्या मुलांना काय शिकवलं जात होतं, ते त्यांच्या गणिताच्या पुस्तकात दिसतं. वेड्यांचं इस्पितळ बांधायला साठ लाख मार्क लागतात. पंधरा हजार मार्कांचं एक, अशी किती घरं तेवढ्या पैशांत बांधता येतील? आपल्याकडे सहावी-सातवीत असतं तसलंच हे शाब्दिक उदाहरण. उत्तर चारशे. बिचारं पोरगं भागाकार बरोबर करून मार्क मिळवत होतं, आणि काही माणसं म्हणजे खर्चाचा बोजा, हे त्याच्या मनात आपसूक मुरत होतं. १९३९ पासून अपंग आणि मनोरुग्णांना खरोखरच ठार मारायला सुरुवात झाली. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनजवळ वानझे इथे अधिकाऱ्यांची बैठक होऊन युरोपभरच्या ज्यूंना संपवण्याच्या कारभाराची वाटणी झाली. साठ लाख ज्यू मारले गेले.

युद्ध संपलं म्हणून जर्मनीत हे लगेच शिकवायला लागले नाहीत. पन्नासचं दशक बहुतांशी मौनात गेलं. १९५९ च्या नाताळात कोलोनच्या सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरावर, स्वस्तिकं रंगवली गेली, तसलेच प्रकार गावोगाव झाले, तेव्हा तिथल्या शिक्षणमंत्र्यांना जाग आली. १९६१ मध्ये जेरुसलेमला आइशमन या नाझी अधिकाऱ्याचा खटला चालला आणि वाचलेल्या माणसांच्या साक्षी जगानं ऐकल्या. २७ जानेवारी, म्हणजे १९४५ मध्ये आउश्वित्झची छावणी मुक्त झाली तो दिवस, संयुक्त राष्ट्रांनी स्मृतिदिन म्हणून ठरवला तो थेट २००५ मध्ये. आपल्याकडे आदल्या दिवशी झेंडावंदन होतं, आणि २७ तारीख कुणाच्या लक्षातही येत नाही.

कंबोडियातल्या ख्मेर रूज राजवटीने तर नॉम पेन्हमधल्या एका हायस्कुलाचाच छळतुरुंग केला होता. त्या काळाचं रीतसर पाठ्यपुस्तक मुलांच्या हाती पडायला २००७ उजाडावं लागलं. रवांडात १९९४ च्या तुत्सींच्या संहारानंतर शाळांतून इतिहास शिकवणंच थांबवलं होतं, कारण कुणाचा इतिहास सांगायचा हाच पेच होता. त्या संहाराच्या आधी तिथल्या वर्गांत शिक्षक हुतू आणि तुत्सी मुलांना वेगवेगळं उभं करत.

हे वाचताना माझ्या कानात आपल्याच वर्गातलं एक वाक्य घुमतं. "शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचेत, एससीची मुलं उभी राहा." हेतू मदतीचा असतो, रवांडाशी त्याची बरोबरी होत नाही. पण उभं राहिलेल्या मुलाकडे वर्गातले चाळीस-पन्नास डोळे वळतात, आणि मधल्या सुट्टीत कुणाशेजारी डबा उघडायचा हे त्यावरून ठरतं. हीच यादी ऑफिसात बोलावून करता येते. पूर्वग्रहाचा पाठ इथून सुरू करायला काय हरकत आहे?

ज्यूद्वेष आणि अस्पृश्यता यांचा धागा जोडणारे आपल्यापैकीच होते. डिसेंबर १९४२ मध्ये कॅनडात झालेल्या पॅसिफिक परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट म्हटलं की नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांविरुद्धचा सनातनीपणा यांत विचाराने किंवा परिणामाने काही फरक नाही. छावण्यांचं पुरतं भीषण रूप तेव्हा जगापुढे यायचं होतं. आठ वर्षांनी त्यांच्याच संस्थेने औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद. असं असूनही आमच्याकडे हा निबंध नाझीवादाच्या धड्याला जोडून शिकवलेला मी पाहिलेला नाही.

धड्याचंही एक आहे. केंद्रीय मंडळाच्या नववीच्या पुस्तकात नाझीवादावर पूर्ण प्रकरण आहे आणि ते चांगलं आहे. राज्य मंडळाच्या नववीच्या इतिहासाचा भर मात्र १९६१ नंतरच्या भारतावर, आणि दहावीचा इतिहासलेखन व उपयोजित इतिहासावर. झेडपीच्या शाळेतून पुढे आलेल्या मुलाला हा विषय भेटला तर भेटला. त्यातून आमच्याकडे मार्कांचं वेड. पाठांतराची अशी सवय लागलीय की साठ लाख हा आकडा रिकाम्या जागेत भरला की धडा झाला.

आणि मराठवाड्याचं स्वतःचं मौन आहेच. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार आम्ही दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, सांगतो, ते सांगायलाच हवेत. माणसं मारली गेली, गावं लुटली गेली. पण १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, पाचव्या दिवशी निजाम शरण आला, आणि त्यानंतर जे झालं ते भाषणात येत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हैदराबाद राज्यात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. मेले ते बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याच्या लातुरात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालल्याची नोंद त्यात आहे. अहवाल दडून राहिला; अभ्यासकांना तो २०१३ च्या सुमारास पाहायला मिळाला. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव गमावले. असा परिच्छेद हाताशी असताना तो वर्गात वाचायचा नाही, हे मला पटत नाही.

तीस वर्षांनी, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला.

या सगळ्याला सरसकट वंशसंहार म्हणू नये. संयुक्त राष्ट्रांच्या ९ डिसेंबर १९४८ च्या करारात त्याची व्याख्या आहे: एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं. भारताने १९५९ मध्ये या कराराला मान्यता दिली. शिक्षकांनी ही रेघ मुलांपुढे नीट आखावी, नाहीतर सगळंच सारखं ठरतं आणि ज्यूंचं दुःखही पातळ होतं. पण शेजारी शेजाऱ्याचं घर पेटवायला कसा तयार होतो, हा प्रश्न रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे.

नामांतराच्या वेळी विशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत, धडधाकट आहेत, बोलायला तयार आहेत. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते, तिथे अशा एखाद्या बाईंना किंवा बाबांना बोलावून तासभर ऐकलं, तरी शिक्षकांची तयारी सुरू होईल. त्यासाठी अभ्यासक्रम बदलायची वाट पाहावी लागत नाही.